चार शब्दांची शिदोरी

दरवर्षी २ ऑगस्टला सिल्वासात मुक्तिदिन साजरा होतो आणि त्यामागोमाग गणरायाच्या आगमनाची तयारी सुरू होते. दोन-तीन पिढ्या येथे राहिलेल्या मराठी घरांना १९५४ सालची कथा नव्याने सांगायला नको. २१ जुलैच्या रात्री दादरा, २८ जुलैला नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा अशी एकेक ठाणी मोकळी झाली. ११ ऑगस्टला पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो याने शरणागती पत्करली. राजाभाऊ वाकणकर, नाना काजरेकर, विश्वनाथ नरवणे, बाबासाहेब पुरंदरे ही नावे आपल्याकडे आदराने घेतली जातात. त्याच यादीत एका गायक-संगीतकाराचेही नाव आहे, सुधीर फडके. या लढ्यासाठी पैसा उभा राहावा म्हणून पुण्यात लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला होता, हेही जुन्या मंडळींच्या आठवणीत आहे.

मुक्तिसंग्रामातले बाबूजी आपल्या परिचयाचे आहेत. मात्र सिल्वासा मुक्त झाल्यावर जेमतेम आठ महिन्यांनी, १ एप्रिल १९५५ रोजी, त्यांचे दुसरे मोठे काम सुरू झाले. ते आकाशवाणीवरचे काम होते, आणि त्याच्या मुळाशी रेडिओत नोकरी करणाऱ्या एका जाणत्या माणसाची छोटीशी सूचना होती. आपल्याकडच्या प्रसारणाचा इतिहास चाळू लागले की अशा गोष्टी पुन्हापुन्हा भेटतात. केंद्रे, यंत्रे, मंत्री आणि धोरणे यांची नोंद कागदोपत्री राहते. ध्वनिक्षेपकाशेजारी उभ्या असलेल्या एखाद्या अनुभवी माणसाने नवख्याला सांगितलेले चार शब्द मात्र कोणत्याही फायलीत जात नाहीत. तरीही कित्येकांचे पुढचे सारे आयुष्य त्या चार शब्दांवर उभे राहिलेले दिसते. या लेखात अशाच काही शब्दांची गोष्ट सांगायची आहे. आपल्या मंडळाच्या रंगमंचाशी तिचा जवळचा संबंध आहे, तो शेवटी येईलच.

पन्नाशीच्या दशकातला रेडिओ

तो काळ आजच्या मुलांना कल्पनेनेच समजावून घ्यावा लागेल. दूरदर्शन भारतात यायला १९५९ साल उजाडायचे होते, आणि मुंबईला ते पोहोचले १९७२ साली. घरात रेडिओ असणे ही मिरवण्याची गोष्ट होती. त्यासाठी पोस्टात पैसे भरून परवाना काढावा लागे. ज्यांच्याकडे रेडिओ नव्हता ते शेजाऱ्याच्या ओसरीवर किंवा चहाच्या दुकानापाशी उभे राहून ऐकत. त्यामुळे एका रेडिओला श्रोते मात्र पुष्कळ असत.

१९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या खात्यावर राहिले. केसकर मूळचे पुण्याचे. शास्त्रीय संगीताचा त्यांना व्यासंग होता आणि सिनेसंगीताविषयी तितकीच नावड. आकाशवाणीवर अभिजात संगीताला मानाचे स्थान मिळाले ते त्यांच्या काळात. संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम १९५२ मध्येच सुरू झाला. दुसऱ्या बाजूला चित्रपटगीतांना कात्री लागली, निर्मात्यांशी वाद झाला आणि काही काळ ही गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशीच झाली.

या एका धोरणाचे दोन परिणाम झाले. सिनेमाची गाणी ऐकायची सवय लागलेला श्रोता सुई फिरवून रेडिओ सिलोनकडे वळला. आणि आकाशवाणीच्या केंद्रांना स्वतःचे नवे काव्य, नवे गायन, नवे सुगम संगीत उभे करण्याची गरज भासू लागली. पुढे सांगायच्या दोन्ही गोष्टी या दोन परिणामांतून जन्मल्या. एक पुण्याची, दुसरी मुंबईची.

पुणे : सीताकांत लाडांची सूचना

पुण्याचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९५३ रोजी. सिल्वासा मुक्त झाले तेव्हा या केंद्राला वर्षही पुरे झाले नव्हते. नव्या केंद्राला स्वतःची ओळख मिळवायची होती. तेथे सीताकांत लाड हे अधिकारी होते. लाड मूळचे गोव्याचे. कवी ग. दि. माडगूळकर यांचा त्यांच्याशी स्नेह होता.

लाडांनी माडगूळकरांपुढे एक कल्पना मांडली. श्रोत्यांचे मन रमेल आणि चांगला संस्कारही होईल असे काहीतरी रेडिओसाठी लिहावे. आठवड्याला एक याप्रमाणे ते वर्षभर चालावे. बोलता बोलता रामकथेचा विषय पुढे आला. संगीत कोणी द्यायचे, याचे उत्तर माडगूळकरांपाशी तयार होते. त्यांची आणि फडक्यांची जोडी चित्रपटसृष्टीत आधीच जमलेली होती.

सूचना ऐकायला साधी वाटते. तिच्यात रेडिओवाल्याचे व्यावसायिक शहाणपण काय होते, ते पाहण्यासारखे आहे. माडगूळकर तोवर चित्रपटांसाठी लिहीत होते. तेथे गीताला प्रसंग, पात्र आणि पडदा यांचा आधार असतो. रेडिओवर पडदा नाही. प्रसंग शब्दांनी उभा करायचा आणि पात्र आवाजाने. शिवाय श्रोता तिकीट काढून खुर्चीत बसलेला नसतो. तो दाढी करत असतो, ती पोळ्या लाटत असते. त्याला ठरावीक दिवशी, ठरावीक वेळेला यंत्रापाशी आणायचे तर पुढच्या आठवड्याची ओढ लावावी लागते. दर आठवड्याला एक, आणि तेही वर्षभर, ही अट म्हणूनच महत्त्वाची होती. रामायण सर्वांना ठाऊक असल्याने एखादा भाग हुकला तरी धागा तुटत नाही. प्रत्येक गीत एका पात्राच्या मुखी असल्याने ते स्वतंत्रपणेही ऐकता येते. एवढा सगळा विचार त्या छोट्या सूचनेत सामावलेला होता.

१ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी. त्या सकाळी पहिले गीत प्रसारित झाले. पावणेनऊ ते नऊ ही वेळ ठरली. शुक्रवारी नवे गीत, आणि शनिवारी-रविवारी तेच पुन्हा. या प्रारंभाची एक हकीकत बाबूजी सांगत असत. पहिल्या गीताचा कागद ऐन वेळी सापडेना. प्रसारणाची घटिका जवळ आलेली. लाडांनी माडगूळकरांना केंद्रातल्याच एका खोलीत बसवले, लिहिण्याचे साहित्य दिले आणि दार बाहेरून बंद करून घेतले. पंधरा मिनिटांत गीत पुन्हा लिहून बाहेर आले, आणि त्याला चाल लावायलाही फारसा वेळ उरला नव्हता. कल्पना मांडणाऱ्या माणसाने वेळ आल्यावर ती अशी कडी लावून तडीसही नेली.

आरंभी ५२ गीतांची योजना होती. त्या वर्षी अधिक मास आल्याने ती ५६ झाली. शेवटचे गीत १९ एप्रिल १९५६ रोजी प्रसारित झाले. आवाज एकट्या फडक्यांचा नव्हता. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके, राम फाटक, सुरेश हळदणकर, बबनराव नावडीकर, गजानन वाटवे अशा अनेकांनी निरनिराळ्या पात्रांची गीते गायली. गीताच्या वेळेला रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून बसणारी घरे होती. ते सांगणारे आजी-आजोबा आपल्यापैकी अनेकांच्या घरी होऊन गेले. गीते लिहून घेण्यासाठी लोक वह्या घेऊन बसत. पुढे भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने १९५७ च्या विजयादशमीला, ३ ऑक्टोबर रोजी, त्यांचे पुस्तक काढले.

सुधीर फडके तोवर नावाजलेले संगीतकार होतेच. १९१९ साली कोल्हापुरात जन्मलेल्या या माणसाने ग्रामोफोन कंपनीपासून प्रभात चित्रसंस्थेपर्यंतचा प्रवास केलेला होता. पण 'गीतरामायण'मुळे ते घराघरांतले झाले. पुढे सगळी गीते स्वतः गाऊन सादर करण्याचा उपक्रम त्यांनी सुरू केला आणि तो अनेक दशके चालला. गीतांचे अनेक भारतीय भाषांत अनुवाद झाले, तेही त्याच चालींवर गायले गेले. २९ जुलै २००२ रोजी बाबूजी गेले. आमली-सिल्वासाच्या मातीशी जोडलेला हा माणूस महाराष्ट्राच्या कानात कायमचा राहिला, त्यात लाडांच्या त्या सूचनेचा वाटा मोठा आहे. माडगूळकरांची प्रतिभा आणि फडक्यांचे स्वर लाडांनी निर्माण केले नव्हते, त्यांनी या दोघांना रेडिओची वाट दाखवली.

मुंबई : कानात बोटे घालणारा निर्माता

दुसरी गोष्ट एका तरुणाची आहे, आणि ती सल्ल्याच्या दृष्टीने अधिक नेमकी आहे. अमीन सयानी यांचा जन्म २१ डिसेंबर १९३२ रोजी मुंबईत झाला. घर गुजराती वळणाचे, सुरुवातीचे शिक्षण गुजराती माध्यमाच्या न्यू इरा शाळेत, पुढे ग्वाल्हेरच्या सिंदिया स्कूलमध्ये आणि नंतर मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात. आई कुलसुम सयानी प्रौढ साक्षरतेच्या कामात होत्या. 'रहबर' नावाचे पाक्षिक त्या देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिपींत काढत. भाषा मात्र एकच, सोपी हिंदुस्तानी. गांधीजींनाही हा उपक्रम आवडला होता. मुलगा आईला या कामात मदत करी. थोरले बंधू हमीद सयानी इंग्रजी प्रसारणातले नामवंत निवेदक होते. त्यांनी अमीनला लहानपणीच आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात नेले होते.

एवढे असूनही अमीन सयानी हिंदी निवेदनाच्या चाचणीला गेले तेव्हा आकाशवाणीने त्यांना नाकारले. वाचन चांगले आहे, पण उच्चारांवर गुजराती आणि इंग्रजीची छाप फार आहे, असा अभिप्राय मिळाला. पुढे ज्या आवाजाला उपखंड ओळखू लागला, त्या आवाजाला मिळालेला हा पहिला शेरा. दादरा-नगर हवेलीत राहणाऱ्या मराठी पालकांनी तो लक्षात ठेवावा असा आहे.

हिरमुसलेले अमीन मोठ्या भावाकडे गेले. हमीद यांनी त्यांची समजूत काढण्यात वेळ घालवला नाही. रेडिओ सिलोनसाठीचे हिंदी कार्यक्रम तेव्हा मुंबईतच ध्वनिमुद्रित होत. सेंट झेवियर्स टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यासाठी स्टुडिओ होता. तेथे जा, बसा, ऐका आणि शिका, एवढाच त्यांच्या सांगण्याचा आशय. धाकटा भाऊ तेथे जाऊन बसू लागला.

तेथे 'ओव्हलटिन फुलवारी' नावाचा कार्यक्रम होई. निर्माते होते बालगोविंद श्रीवास्तव. एक दिवस जाहिरात वाचणारा निवेदक आला नाही. बालगोविंदांनी समोर बसलेल्या विद्यार्थ्यांकडे पाहून कोणी वाचेल का, असे विचारले. अमीन पुढे झाले. कागद हातात आला आणि त्यांनी जोशात, घसा ताणून वाचायला सुरुवात केली. बालगोविंदांनी कानांत बोटे घातली. ही काही रणभूमी नव्हे, जरा हळू वाच, असे काहीसे ते म्हणाले. अमीन यांनी पुन्हा वाचले, या वेळी सौम्य आवाजात. ते जमले. त्या दिवसापासून ते जाहिरातीचे वाचन त्यांच्याकडे आले. मोबदला काय, तर दर आठवड्याला ओव्हलटिनचा एक डबा.

त्या एका वाक्यात रेडिओचे सगळे तंत्र आले आहे. सभेत बोलणारा माणूस शेवटच्या रांगेसाठी बोलतो. ध्वनिक्षेपकासमोरचा माणूस एका श्रोत्यासाठी बोलतो. तो श्रोता यंत्रापासून हातभर अंतरावर बसलेला असतो, बहुधा एकटा किंवा आपल्या घरच्यांसोबत. त्याच्याशी ओरडून बोलले तर तो दुखावतो. समोरासमोर बोलल्यासारखे बोलले तर तो आपलासा होतो. सयानींच्या निवेदनात पुढे जी जवळीक जाणवायची, श्रोत्यांना बहिणी-भाऊ मानून साधलेला जो संवाद असायचा, त्याची सुरुवात बालगोविंदांनी कानांत घातलेल्या बोटांपासून झाली असे म्हणायला हरकत नाही.

संधी लवकरच आली. ३ डिसेंबर १९५२, बुधवार, या दिवशी रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. आठवड्याला २५ रुपये मिळणार, त्यात लिहिणे, बोलणे, निर्मिती आणि श्रोत्यांची पत्रे पाहणे हे सारे आले. मुरलेल्या मंडळींना एवढ्या पैशांत एवढे काम नको होते, म्हणून ते वीस वर्षेही पुरी न झालेल्या या मुलाकडे आले. आरंभी सात गाणी वाजवायची आणि श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा, असे स्वरूप होते. थोडीफार पत्रे येतील अशी अपेक्षा होती, पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे नऊ हजार आली. केसकरांनी आकाशवाणीवरून दूर सारलेली गाणी कोलंबोहून भारतभर वाजू लागली. अखेर आकाशवाणीलाही पवित्रा बदलावा लागला आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. योगायोग असा, की 'गीतरामायण'चे पुस्तक प्रसिद्ध झाले तोच हा दिवस. 'गीतमाला' रेडिओ सिलोनवर आणि नंतर विविध भारतीवर मिळून चार दशके चालली. २००९ साली सयानींना पद्मश्री मिळाली. २० फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

आंबोलीचे जंगल : सांगणारे कोणी नव्हते तेव्हा

प्रत्येकाला असा बालगोविंद किंवा असा लाड भेटतोच, असे नाही. तिसरी गोष्ट त्यासाठी सांगायची. ती आपल्या मुक्तिसंग्रामाच्या सख्ख्या भावंडाची, म्हणजे गोव्याच्या लढ्याची आहे.

दादरा-नगर हवेली १९५४ मध्ये मोकळी झाली, गोव्याला मात्र आणखी सात वर्षे थांबावे लागले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर सत्याग्रहींवर गोळीबार झाला. भारताने आर्थिक नाकेबंदी केली. आत काय चालले आहे ते बाहेर कळत नव्हते आणि बाहेरचे आत पोहोचत नव्हते. पोर्तुगीजांचा प्रचार मात्र जोरात होता. त्याला उत्तर देण्यासाठी २५ नोव्हेंबर १९५५ रोजी एक गुप्त रेडिओ केंद्र सुरू झाले. नाव होते 'गोंयचे सोडवणेचो आवाज', आणि पोर्तुगीजमध्ये 'व्होझ द लिबर्दाद'. आधी आंबोलीच्या जंगलातून, मग कॅसलरॉकहून कोकणी आणि पोर्तुगीज भाषांत प्रसारण होई. ते चालवत होते वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. पुढे ते दोघे विवाहबद्ध झाले.

लिबिया लोबो यांनी मुंबईत कायद्याचे शिक्षण घेतले होते आणि काही काळ आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात नोकरीही केली होती. पण ती निवेदिकेची नव्हती, लघुलेखनाची आणि ग्रंथालयातली होती. म्हणजे स्टुडिओच्या भिंतीपलीकडे बसून हा व्यवसाय त्यांनी पाहिलेला. जंगलात त्यांना उच्चार सुधारून देणारा किंवा हळू वाचा म्हणणारा कोणी नव्हता. पाऊस, जळवा, सापकिरडू आणि पकडले जाण्याची भीती यांच्या सोबतीने त्या दोघांनी सहा वर्षे रोज बातम्या मिळवल्या, लिहिल्या आणि वाचल्या. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा विमानातून ध्वनिवर्धकावरून ती वार्ता गोवेकरांना सांगण्याचे भाग्यही त्यांनाच लाभले. लिबियाबाईंना वयाच्या शंभरीत, २०२५ साली, पद्मश्री जाहीर झाली.

ही गोष्ट पहिल्या दोन गोष्टींना छेद देते असे वरवर वाटेल. तसे नाही. सल्ला मिळाला नाही तरी माणूस उभा राहू शकतो, जर त्याच्यापाशी सांगण्याजोगे काही असेल आणि ते सांगितल्यावाचून राहवत नसेल. सल्ल्याने हे दोन्ही येत नाही. पण जेथे हे आहे तेथे एका योग्य शब्दाने कित्येक वर्षांची चाचपड वाचते. सयानींपाशी घरातून मिळालेली साधी हिंदुस्तानी होती, रेडिओचे वेड होते आणि नकार पचवून स्टुडिओत जाऊन बसण्याची चिकाटी होती. बालगोविंदांचे वाक्य अशा तयार जमिनीवर पडले. एरवी तेच वाक्य ऐकून एखादा मुलगा लाजून घरी गेला असता.

कोणता शब्द लागू पडतो?

या गोष्टी शेजारी ठेवल्या की काही समान खुणा दिसतात. पहिली खूण अशी, की उपयोगी पडलेला सल्ला नेहमी कामाच्या जागी दिला गेला. लाड केंद्रात बसून बोलत होते, बालगोविंद स्टुडिओत. दुसरी खूण म्हणजे तो लगेच करून पाहता येण्याजोगा होता. हळू वाच म्हटले की पुढच्याच वाचनात फरक करता येतो. खूप मेहनत कर, मोठा हो, असे म्हटले तर ऐकणारा मान डोलावतो आणि घरी जाऊन काय करावे ते त्याला कळत नाही. तिसरी खूण सर्वांत मोलाची आहे. सल्ला देणाऱ्याने त्यासोबत काम दिले. लाडांनी वर्षभराची वेळ दिली, बालगोविंदांनी जाहिरातीचा कागद पुन्हा त्याच मुलाच्या हातात दिला. नुसते शब्द कोणीही देऊ शकतो, पण चुकणाऱ्याला लगोलग दुसरी संधी देण्याला हिंमत लागते.

आकाशवाणीने सयानींना दिलेला अभिप्राय खरा होता, पण त्याच्यासोबत पुढची वाट नव्हती. हमीद यांनी तोच दोष मान्य करून तो कोठे जाऊन घालवायचा ते सांगितले. दोष दाखवणे आणि दिशा दाखवणे यांत हे अंतर आहे.

आपल्या मंडपात

आता हे सगळे आपल्याला कशासाठी? आमली-सिल्वासातल्या आपल्या मुलांची दिवसभराची भाषा कोणती, ते आपण जाणतो. शाळेत इंग्रजी, मैदानावर गुजराती, बाजारात आणि कारखान्यात हिंदी. मराठी उरते ती स्वयंपाकघरात आणि फोनवर गावाकडच्या नातलगांशी बोलताना. चार लोकांसमोर, ध्वनिक्षेपक हातात धरून मराठी बोलण्याची जागा वर्षातून एकदाच मिळते, गणपतीत. आरतीनंतरचे निवेदन, लहान मुलांच्या नाट्यछटा, बक्षीस समारंभाचे सूत्रसंचालन, एवढाच त्यांचा रियाज.

या मुलांच्या बोलण्यात गुजराती हेल येतो. 'चार' आणि 'चारा' यांतला च ती सारखाच म्हणतात. हिंदीच्या सवयीने 'बाळ'चा 'बाल' होतो. घाबरून ती ओरडून वाचतात किंवा पुटपुटतात. पहिल्या रांगेत बसून त्यावर हसणे सोपे आहे, आणि एकदा कोणी हसले की ते मूल पुढच्या वर्षी स्टेजवर येत नाही. ज्या मुलाची मराठी अशा रीतीने स्टेजवरून उतरते, त्याच्या मुलांच्या तोंडी ती चढण्याची शक्यता फारच थोडी.

त्यापेक्षा मूल खाली उतरले की बाजूला घेऊन एकच गोष्ट सांगावी. ध्वनिक्षेपक तोंडापासून वीतभर दूर धर. किंवा, वाक्य संपले की एक श्वास घे आणि मग पुढचे वाच. किंवा, शेवटच्या रांगेतल्या आजीला सांगतोयस असे समज. किंवा, 'ळ' म्हणताना जीभ अशी वळव. एका वेळी एकच. आणि दुसऱ्या दिवशीच्या आरतीनंतरचे निवेदन त्याच मुलाला द्यावे. आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत, नाटकांत कामे केलेले आहेत, भजनी मंडळात वर्षानुवर्षे गाणारे आहेत. कारखान्यांच्या कार्यक्रमांत सूत्रसंचालन करणारेही आहेत. रेडिओ केंद्र आपल्या हाती नसले तरी सांगण्याजोगे चार शब्द या सर्वांपाशी आहेत.

आज प्रसारणाला केंद्र लागतच नाही. फोन असलेला प्रत्येक मुलगा स्वतःचा कार्यक्रम जगभर पाठवू शकतो. त्यामुळे बोलणारे वाढले आहेत, पण बालगोविंदांसारखे कानांत बोटे घालणारे कमी झाले आहेत. ऐकणारा न आवडल्यास मुकाट्याने पुढे सरकतो आणि बोलणाऱ्याला आपले काय चुकले ते कधीच कळत नाही. समोर उभे राहून, आपुलकीने आणि खरे तेच सांगणारे माणूस म्हणून आज अधिकच मोलाचे झाले आहे.

बाबूजी ज्या भूमीच्या मुक्तीसाठी आले, त्या भूमीवर आपण आज मराठीत आरती म्हणतो. यंदा मंडपात एखादे लेकरू अडखळत मराठी बोलेल, तेव्हा त्याला टाळ्या तर देऊच, त्यांसोबत एक कामाचा शब्द आणि उद्याची एक संधीही देऊ.

गणपती बाप्पा मोरया!